ओटीचे ब्लाऊजपीस, स्क्रंची आणि गुमास्ता

जुन्या आणि उरलेल्या कापडापासून स्क्रंच्या (कापडाच्या नळीत इलास्टिक ओवलेली केस बांधायची रबरे), हेअरबँड आणि बो शिवून विकण्याचे काम मी मे 2024 मध्ये ठाण्यात, पाचपाखाडीतल्या आमच्या घरी सुरू केले. शिवण मला येत होते. भीती दोन गोष्टींची होती: वापरलेले कापड विकण्याजोग्या वस्तूत टिकेल का, आणि उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), गुमास्ता (दुकाने कायद्याखालचा कागद), चालू खाते, जीएसटी या कागदपत्रांतून आपण पार पडू का. या दुसऱ्या भीतीपायी ओळखीतल्या काही जणींनी चांगले चालणारे काम ओळखीपाळखीपलीकडे नेलेच नाही, हे मी जवळून पाहिले आहे. त्यांच्यासारख्या कोणाला पुढची वाट थोडी सोपी जावी, यासाठी वर्षभरात जे जसे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

कापडाची सुरुवात ओटीच्या ब्लाऊजपीसांपासून झाली. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, बारशाला मिळालेले हे ब्लाऊजपीस बहुतेक घरांत न शिवताच पुढच्या ओटीत जातात, आणि एकच तुकडा वर्षानुवर्षे घरोघरी फिरत राहतो. सोसायटीच्या महिलांच्या व्हॉट्सॲप गटावर मी निरोप टाकला, तेव्हा आठवड्याच्या आत दिवाणाचा एक कप्पा भरेल इतके कापड जमले. दुसरा स्रोत म्हणजे नौपाड्यातले ब्लाऊज शिवणारे एक मास्तर. त्यांच्याकडे अस्तराच्या आणि रेशमी कापडाच्या कात्रणांचा ढीग रोज निघतो. "न्या ना ताई, पण नेमाने न्या, इथे ठेवायला जागा नाही," एवढीच त्यांची अट होती. तुम्हीही कोणा शिंप्याकडून कात्रण घेणार असाल, तर ठरलेला वार कधीही चुकवू नका. त्यांच्यासाठी ती अडचण असते आणि ती वेळेवर दूर होते म्हणूनच ते आपल्यासाठी चांगले तुकडे बाजूला ठेवू लागतात.

तिसरा स्रोत घरातल्या जुन्या साड्यांचा होता आणि तोच सर्वांत नाजूक निघाला. सासूबाईंनी त्यांची एक इरकली साडी काढून दिली. लाल टोपपदर अजून झळाळत होता, काठ शाबूत होते, आणि दुरून पाहणाऱ्याला साडी उत्तम वाटली असती. "आई, ही खरंच कापू का?" असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, नेसता येत नाही म्हणूनच देते. घडीवर हात फिरवून बघ." खिडकीच्या उजेडात साडी धरल्यावर घडीच्या रेषेवर आडवे धागे एकमेकांपासून दूर सरकलेले आणि उभे धागे केसाइतके बारीक झालेले स्पष्ट दिसले. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणले, तर कापड आवाज न करता उसवल्यासारखे फाटले. रेषेपासून चार बोटे दूर मात्र तेच कापड कितीही ताणले तरी हलले नाही. त्या दिवसापासून जुनी साडी आधी घडीच्या रेषांवर कापायची आणि त्या पट्ट्या बाजूला काढून मधले चौकोनच वापरायचे, हा माझा नियम झाला.

या कामातले खरे कौशल्य शिवण्यात नसून कापड निवडण्यात आहे, असे माझे ठाम मत आहे. केसांना बांधायची वस्तू रोज ताणली जाते, तिला तेल आणि घाम लागतो, आणि ती मानेजवळ घासते; त्यामुळे परकराला किंवा उशीच्या अभ्ऱ्याला चालणारे प्रत्येक कापड इथे चालत नाही. पहिली परीक्षा वर सांगितलेली, उजेडाची आणि ताणाची. दुसरी धाग्याची. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरायचा आणि मोरीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून, पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा बोटाने चुरगळतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ओटीत आलेले "सिल्कचे" ब्लाऊजपीस मला बहुतांशी पॉलिएस्टरचे आढळले. ते टाकाऊ नाहीत, उलट गुळगुळीत असल्यामुळे कुरळ्या केसांत अडकत नाहीत, परंतु गिऱ्हाइकाला सिल्क म्हणून ते देणे मला मान्य नाही.

तिसरी परीक्षा रंगाची. ओल्या पांढऱ्या रुमालाने कापड जोराने घासायचे, आणि रुमालाला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवायचे. खोबरेल तेलाचा थेंब टाकून हीच परीक्षा पुन्हा करावी, कारण शाळेच्या पांढऱ्या गणवेशाच्या कॉलरवर लाल डाग पडला, तर ती आई पुन्हा आपल्याकडे येणार नाही. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने रंग पक्का होतो असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, पण आधीच रंगवलेल्या कापडाच्या बाबतीत त्याचा उपयोग होत नाही. असे कापड मी दोन-तीनदा धुऊन पुन्हा तपासते आणि तरीही रंग सुटत असेल तर वापरत नाही. शेवटी जरीबद्दल. काठापदराचे तुकडे दिसायला सुरेख असतात, पण जरीच्या तारेत केस अडकून तुटतात. म्हणून जरीचा काठ मी स्क्रंचीत वापरत नाही. तो फक्त हेअरबँडच्या वरच्या बाजूला येतो आणि केसांना लागणाऱ्या बाजूला मऊ सुती अस्तर असते.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि काम जवळजवळ थांबले. जमा झालेले कापड धुवायचे होते आणि ठाण्याच्या पावसाळ्यात घरातले कपडेच दोन दिवस वाळत नाहीत. जुन्या साड्यांना डांबरगोळ्यांचा इतका वास होता की एका धुण्यात तो जात नव्हता. मी सुती कापड गरम पाण्यात आणि रेशमी गार पाण्यात सौम्य साबणाने धुतले, पंख्याखाली पसरले, आणि पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री केली. ओलसर कापड पिशवीत भरून ठेवले की त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते कशानेही निघत नाहीत. आता सुरुवात करायची असती, तर कापड गोळा करण्याचे आणि धुण्याचे काम मी मार्च-एप्रिलमध्ये उरकले असते.

या सक्तीच्या थांब्यात मशीन दुरुस्त करून घेतले. माझ्याकडे माहेरहून आलेले पायमशीन आहे. ते उघडून साफ करणे, तेलपाणी आणि नवा पट्टा यांना 650 रुपये लागले. सुया कापडाप्रमाणे वेगळ्या लागतात: रेशमी आणि पातळ कापडाला 11 नंबर, साध्या सुतीला 14, जीन्सच्या तुकड्यांना 16. तेल घातल्यानंतर पहिले टाके चिंधीवर घालावेत, नाहीतर रेशमावर तेलाचा डाग हमखास पडतो. इलास्टिकसाठी मी लोकलने मशीद बंदरला उतरून तिथल्या घाऊक बाजारात गेले. गोफासारखे गुंफलेले स्वस्त इलास्टिक ताणल्यावर अरुंद होते आणि सुईने टोचले की लवकर सैल पडते, म्हणून मी विणलेले, 8 मिमी रुंदीचे इलास्टिक निवडले. घाऊक रीळ मला मीटरला साधारण 4 रुपयांना पडले; आमच्याकडच्या किरकोळ दुकानात ते जवळपास दुप्पट होते. क्लिपांचे मोठे पाकीटही तेव्हाच घेतले. पावसाळ्यात या क्लिपा गंजतात, त्यामुळे त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

प्रत्यक्ष शिवण्याबद्दल थोडे सविस्तर सांगते. मोठ्या स्क्रंचीला 55 सेंमी लांब आणि 10 सेंमी रुंद पट्टी लागते, लहान मुलींच्या स्क्रंचीला 45 बाय 8 पुरते. ब्लाऊजपीस 80 सेंमीचा आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण 90 सेंमी असेल, तर 10 सेंमीच्या आठ आडव्या पट्ट्या निघतात. प्रत्येकीतून एक मोठी स्क्रंची होऊन उरलेल्या 35 सेंमीत बो बसतो. पट्टी सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडायची, काठापासून एक सेंमी आत टीप मारायची, आणि दोन्ही टोकांना थोडी जागा मोकळी सोडायची. मग नळी सुलटी करून, परकराला नाडी घालतो त्याच पद्धतीने सेफ्टी पिनने 20 सेंमी इलास्टिक आत ओवायचे. इलास्टिकची टोके एकमेकांना गाठ मारून जोडू नयेत, कारण ती गाठ केसांत टोचते. टोके दीड सेंमी एकावर एक ठेवून त्यावर पुढे-मागे तीन-चार टिपा माराव्यात. शेवटी कापडाची दोन्ही टोके एकमेकांत सरकवून हातशिलाईने बंद करावीत. ही जोडणीच वस्तूचा दर्जा सांगते. मी प्रत्येक स्क्रंची पूर्ण ताणून सोडते, आणि टाक्याचा 'कट्' असा अगदी बारीक आवाज आला तरी ती उसवून पुन्हा शिवते.

विक्रीची पहिली संधी नवरात्रात आली. 2024 मध्ये घटस्थापना 3 ऑक्टोबरला होती आणि नऊ दिवसांचे नऊ रंग आधीपासून सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. ऑफिसला जाणाऱ्या मुली रोजच्या रंगाचा कुर्ता घालतात, पण त्या रंगाची केसांची वस्तू सहसा मिळत नाही. आणि माझ्याकडच्या ब्लाऊजपीसांत तर प्रत्येक रंग होता. नऊ स्क्रंच्यांचा संच 300 रुपयांना ठेवला आणि सुटी स्क्रंची 40 रुपयांना. सोसायटीच्या आवारात संध्याकाळी टेबल मांडायला समितीने 200 रुपये घेतले. स्टेशनबाहेर दहा रुपयांत स्क्रंची मिळते, असे काही जणींनी ऐकवले. त्यावर मी वाद न घालता वस्तू त्यांच्या हातात देऊन ताणून पाहायला सांगत असे, आणि कापड कुठून आले तेही सांगत असे. कापड फुकट मिळते म्हणून किंमत कमी ठेवावी, हे मला पटत नाही. इलास्टिक, दोरा आणि वेष्टन मिळून एका नगाला पाच रुपयांच्या आत खर्च येत असला, तरी धुणे, तपासणे, इस्त्री आणि शिलाई यांचा वेळ धरला की 40 रुपये रास्तच ठरतात.

कागदपत्रांचा प्रश्न नोव्हेंबरमध्ये उभा राहिला. दिवाळीनंतर जवळच्याच एका मोठ्या गृहसंकुलाच्या महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून 200 स्क्रंच्या मागितल्या, नग 25 रुपयांप्रमाणे. पैसे सांस्कृतिक निधीतून जाणार असल्यामुळे त्यांना बिल हवे होते आणि धनादेश व्यवसायाच्या नावाने काढायचा होता. व्यवसायाच्या नावाचा धनादेश वटायचा तर त्या नावाचे चालू खाते हवे, आणि खात्यासाठी व्यवसायाचे पुरावे हवेत, अशी ती साखळी होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मागणी नाकारावी असेही एकदा मनात आले.

सुरुवात उद्यम नोंदणीने केली. ही नोंदणी केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. शोधल्यावर तशीच दिसणारी आणि शुल्क मागणारी खासगी संकेतस्थळे समोर येतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, हे आधी पाहावे. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल आणि पॅन एवढेच लागते. कोणतीही प्रत अपलोड करावी लागत नाही. व्यवसायाचा प्रकार निवडताना मी 'उत्पादन' आणि त्यात कपडे व त्यांच्या पूरक वस्तूंचा गट निवडला. आधारवरचे आणि पॅनवरचे नाव एकसारखे असेल तर अर्ज अडत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे सर्वांत आधी तपासून घ्यावे, कारण दुरुस्तीला लागणारा वेळ नोंदणीपेक्षा कितीतरी जास्त असतो. प्रमाणपत्र त्याच आठवड्यात हातात आले आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागत नाही.

दुसरा कागद म्हणजे ज्याला आपण सगळे गुमास्ता म्हणतो तो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तेव्हा म्हणजे 2024 मध्ये, दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना काढावा लागत नव्हता. व्यवसाय सुरू केल्याची सूचना नमुना 'एफ'मध्ये ऑनलाइन द्यायची आणि नमुना 'जी'मध्ये त्याची पोच मिळते. शुल्क नाममात्र आहे. मात्र ही सूचना भरून देण्यासाठी एका मध्यस्थाने मला 1,500 रुपये सांगितले होते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि नावाच्या फलकासह जागेचा फोटो लागतो. फलक मराठीत, देवनागरी लिपीत असावा लागतो. मी तो छापून दाराशेजारी लावला आणि फोटोत अक्षरे वाचता येतील इतक्या जवळून काढला. वीजबिल सासूबाईंच्या नावावर असल्यामुळे त्यांचे साध्या कागदावरचे संमतिपत्र जोडले. घरातून व्यवसाय केला की वीज व्यावसायिक दराने लागेल, अशी भीती त्यांना कोणीतरी घातली होती. घराच्या काही भागात व्यवसाय चालत असेल, पण वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3,600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो, ही तरतूद महावितरणच्या दरपत्रकात दाखवल्यावर त्या निश्चिंत झाल्या.

बँकेने मात्र परीक्षा पाहिली. ज्या शाखेत आमचे जुने बचत खाते आहे, तिथे मला जीएसटी प्रमाणपत्राशिवाय चालू खाते उघडता येणार नाही असे सांगण्यात आले. महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक 40 लाख रुपये उलाढालीची आहे आणि माझी उलाढाल त्याच्या जवळपासही नाही, हे सांगूनही उत्तर तेच मिळाले. मन खूप खट्टू झाले. काउंटरवर आपल्याला कमी लेखले जात आहे असे वाटत राहिले. मग एका परिचित सनदी लेखापालांनी रिझर्व्ह बँकेचे ग्राहक ओळखीविषयीचे निर्देश दाखवले. एकल मालकीच्या व्यवसायासाठी दिलेल्या कागदपत्रांच्या यादीतील कोणतेही दोन पुरावे पुरतात. त्या यादीत उद्यम प्रमाणपत्रही आहे आणि दुकाने कायद्याखालील कागदही आहे. त्या पानाची छापील प्रत घेऊन मी दुसऱ्या बँकेत गेले आणि आधी कोणती कागदपत्रे लागतील याची यादी लेखी मागून घेतली. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे सगळे पाहिले, काही दिवसांनी एक कर्मचारी घरी येऊन मशीन, कापडाचे कप्पे आणि दाराचा फलक पाहून गेला, आणि डिसेंबरच्या मध्यावर खाते सुरू झाले. किमान शिल्लक 5,000 रुपये ठेवावी लागते. रबरी शिक्का आणि बिलबुक यांना मिळून 270 रुपये लागले. जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यक्तीने बिलावर कर आकारायचा नसतो. माझ्या बिलावर नाव, पत्ता, पॅन, वस्तू, नग आणि रक्कम एवढेच असते.

मधल्या काळात पीएम विश्वकर्मा योजनेचीही चौकशी केली. 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे आणि 5 टक्के व्याजाने कर्जही मिळते. माझे पती सरकारी नोकरीत असल्यामुळे मी अपात्र ठरले, परंतु ज्यांना ही अडचण नाही त्यांनी नागरी सुविधा केंद्रात अवश्य विचारावे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो.

वाणाची मागणी जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात पूर्ण करून दिली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत, म्हणजे 14 जानेवारी ते 4 फेब्रुवारी, आणखी तीन मंडळांनी मागणी केली आणि त्यातल्या दोन मंडळांनी आपल्याकडचे ब्लाऊजपीसच आणून दिले. धनादेश वटल्याचा संदेश आला, तेव्हा तो मी सासूबाईंना वाचून दाखवला आणि त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. आधी वेष्टनात बांधून विकायच्या मालावर कमाल किरकोळ किंमत, नग, तयार केल्याचा महिना व वर्ष, आणि माझे नाव, पत्ता व संपर्क छापणे आवश्यक आहे, म्हणून तेव्हापासून छोटी लेबले छापून घेतली. त्यांचा खर्च नगाला 60 पैसे पडला.

पुण्या-नाशिकहून येणाऱ्या मागण्या मी टपालाने पाठवते. जीएसटी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यांतर्गत विक्री ऑनलाइन बाजारपेठांवरूनही करता येते. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर, काही हस्तकला वस्तूंचा अपवाद सोडता, उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, त्यामुळे बेळगाव आणि इंदूरच्या मागण्यांना मी तूर्त नाही म्हणते. सध्या जूनमध्ये उघडणाऱ्या शाळांसाठी काळ्या, पांढऱ्या आणि गडद निळ्या स्क्रंच्या शिवत आहे. पांढऱ्यासाठी मास्तरांकडचे अस्तराचे तुकडे पुरतात. काळे सुती कापड मात्र रंगाच्या परीक्षेत सर्वाधिक वेळा नापास होते, म्हणून त्याचे धुणे या वेळी एप्रिलमध्येच उरकून घेतले आहे.